टाचेखालच्या तीन चकत्या

रात्री दोनच्या सुमारास आमच्या घरात माझा भाव वधारायचा. दिवसा मला फारसं कुणी विचारत नाही. गल्लीच्या तोंडाशी माझं बूट शिवायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हातांना कायम चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. घरात पाऊल टाकलं की बायको म्हणणार, "आधी हात धुवा, मग बोला." पण रात्री तिच्या उजव्या पोटरीत गोळा आला, की हेच हात तिला हवे असायचे.

गोळा म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. माणूस गाढ झोपेत असतो आणि पोटरी एकाएकी आवळते ती दगडच होते. बायको धडपडून उठून बसायची आणि माझा दंड पकडायची. "धर, धर रे! लवकर!" एरवी लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मी तिचा 'अहो'. पण त्या घटकेला तिला 'अहो' म्हणायला सवड नसायची, आणि मला त्याचं बरं वाटायचं. मी अर्धवट झोपेतच उठायचो. तिची टाच तळहातात घ्यायची, गुडघा सरळ करायचा आणि चवडा हळूहळू नडगीकडे वाकवत आणायचा. हिसका द्यायचा नाही. दुसऱ्या हाताने पोटरी चोळत राहायचं. मिनिटा-दोन मिनिटांत दगड सैल पडायला लागायचा. मग ती "हुश्श" करायची आणि पाय माझ्या मांडीवर तसाच ठेवून झोपी जायची. मी बसून राहायचो. पाय खाली ठेवला तर पुन्हा गोळा येईल, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला तो खाली ठेवायचाच नसायचा.

अशी अठरा वर्षं गेली. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा.

बायको लाँड्रीत इस्त्री करते. नऊ तास उभं राहायचं, समोर वाफ, खाली फरशी. डॉक्टरांनी मागे एकदा रक्त तपासलं होतं, त्यात काही निघालं नाही. उभ्याचं काम आहे, वय आहे, म्हणाले. तेव्हा पुढचा इलाज माझ्याकडे आला. मी बूटवाला, पायाचं दुखणं म्हणजे माझ्याच घरचं कार्य. तिच्या पायांचे लाकडी फर्मे मी स्वतः तासलेत, ते दुकानात माझ्या डोक्यावरच्या फळीवर असतात. त्यांवर मी तिला मऊ चामड्याचे, रुंद चवड्याचे बूट शिवून देतो, दर रविवारी पॉलिश करून देतो. शिवाय तिच्या बाजूला गादीखाली एक जुनी लोखंडी नाल ठेवली होती. लोखंडाला गोळा भितो, असं माझे वडील म्हणायचे. डॉक्टरांना याबद्दल विचारलं नव्हतं, कारण ते हसले असते.

मग एक महिना असा गेला की मला कुणी उठवलंच नाही.

पहिल्यांदा मी खूश झालो. दुकानात येईल त्याला सांगू लागलो, "बुटाचा सोल बदलला मी. पोटरी गप्प!" शेजारच्या किल्लीवाल्याला तर मी नालेचं गुपितही सांगून टाकलं. आणि एका संध्याकाळी घरी येऊन बघतो तर ती नाल स्वयंपाकघराच्या दाराला टेकू म्हणून लावलेली.

"ही इथं कशी?"

"वाऱ्यानं दार आपटतं," बायको म्हणाली.

"आणि गादीखाली काय?"

"आता नाही लागत. मास्तरांनी सांगितलंय ते करते ना मी रोज."

मास्तर! हे नाव आमच्या घरात पहिल्यांदा घेतलं गेलं ते असं, कांदा चिरता चिरता.

मास्तर म्हणजे लाँड्रीच्या गाडीवरचा नवा ड्रायव्हर. पूर्वी कुठल्याशा शाळेत पोरांना धावायला शिकवायचा, म्हणून सगळी लाँड्री त्याला मास्तर म्हणते. बायकोनं जेवताना गोळ्याबद्दल कुणाला तरी सांगितलं, ते यानं ऐकलं आणि लगेच शिकवायला बसला. झोपण्याआधी भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं. दोन्ही तळहात भिंतीला. एक पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पोटरी ताणली जाईपर्यंत पुढे झुकायचं. तीस आकडे मोजायचे. मग दुसरा पाय. असं तीन वेळा. वाफेत घाम जातो, म्हणून दिवसभर घोट घोट पाणी प्यायचं. आणि पांघरूण पायथ्याशी खोचायचं नाही, कारण त्यानं झोपेत पावलं खाली दाबली जातात आणि पोटरी आखडते.

हे सगळं तिनं मला जेवताना सांगितलं. आमच्या घरी पांघरूण खोचतो कोण? मी. घट्ट, कोपरे दुमडून, एक सुरकुती नाही. अठरा वर्षं मी हौसेनं ते खोचतोय. म्हणजे रात्री जो गोळा मी काढत होतो, तो संध्याकाळी मीच घालत होतो, असं या गाडीवाल्याचं म्हणणं!

"आणि तरीही आलाच," बायको पुढे सांगत होती, "तर खाटेवरून उतरायचं, पाऊल सपाट जमिनीवर टेकवायचं आणि त्या पायावर भार द्यायचा. आपोआप उतरतो. कुणाला उठवायलाच नको."

कुणाला उठवायलाच नको, हे तिनं इतक्या आनंदानं सांगितलं की मला जेवण गोड लागेना.

त्या रात्रीपासून मी ते बघू लागलो. ती दिवा मालवायच्या आधी भिंतीपाशी जायची, तोंडातल्या तोंडात आकडे मोजायची. मी खाटेवर बसून माझे आकडे मोजायचो. चुन्याच्या भिंतीवर तिच्या तळहातांचे दोन मळकट ठसे उमटले होते. सकाळी डोळा उघडला की पहिले तेच दिसायचे. माझ्या जागी भिंत आली होती, आणि ती भिंत मास्तरची होती. मला हेवा वाटत होता. त्याला दुसरं गोंडस नाव द्यायचं कारण नाही.

चौथ्या दिवशी स्वारी खुद्द दुकानात हजर. "दादा, जरा सोल सुटलाय. वहिनी म्हणाल्या, तुमच्यासारखा कारागीर नाही."

पन्नाशीचा माणूस, पण भरभर चालत आल्यावरही दम नाही. मी त्याचा बूट उलटा करून बघितला. माणसाचा चेहरा खोटं बोलतो, तळ बोलत नाही. कुणाची टाच बाहेरून झिजते, कुणाचा अंगठा. मला त्याच्या तळात काहीतरी खोट काढायची होती. पण त्याचे दोन्ही तळ सगळीकडून सारखे झिजलेले! वाकडं पाऊल म्हणून नाही त्या माणसाचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वेळ लागेल," मी म्हणालो. खरं तर ते पाच मिनिटांचं काम होतं. त्याला मी पाऊण तास स्टुलावर बसवला. तोही बेटा मजेत बसला. "वहिनींची शिकायची हौस दांडगी हां," म्हणाला. "पोरांना महिनाभर सांगूनही टाच टेकायची नाही. वहिनींनी पहिल्याच दिवशी बरोबर टेकवली."

"बूट माझा आहे ना," मी म्हणालो. "टाच टेकणारच."

"तेही आहेच," तो म्हणाला आणि हसला. निर्मळ हसला, त्याचाच मला जास्त राग आला. वाईट माणसाचा राग करायला सोपं जातं. चांगला माणूस आपल्याला तेवढीही सोय ठेवत नाही.

त्या रविवारी तिचे बूट पॉलिशला घेतले. उजव्या बुटाचा सुकतळा, म्हणजे आतला तळ, मी उचलला. उंच टाचेनं पोटरी आखडते हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. एकदम उंच केली तर पायाला कळेल. म्हणून मी चामड्याची एक चकती कापली, नाण्याइतकी पातळ, आणि रापीनं तिची कड चहूबाजूंनी छिलून शून्यावर आणली. टाचेखाली चिकटवली, वर सुकतळा बसवला. हात फिरवून बघितला तर मला स्वतःलाच लागेना कुठं सुरू होते ते. असं सफाईचं काम मी कितीतरी दिवसांत केलं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी दुसरी चकती. तिसऱ्या रविवारी तिसरी.

मला तिचं वाईट करायचं नव्हतं. एवढंच वाटत होतं की एखाद्या रात्री एक छोटासा गोळा यावा, तिनं माझा दंड पकडावा, "धर रे" म्हणावं, आणि मास्तरची ती तीस आकडी विद्या तोंडावर आपटावी. मग मी चकत्या काढून टाकणार होतो. इतका साधा हिशेब होता.

तिसऱ्या चकतीनंतर चोराच्या मनात चांदणं. ती जिना चढताना मी मागून बघायचो. एकदा तिनं थांबून कमरेवर हात ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. हल्ली उजवीकडे कंबर ओढते. म्हातारी झाले आता."

मी पुढे होऊन दाराचं कुलूप काढलं.

बुधवारी रात्री गोळा आला. खाट हलली, मी जागा झालो आणि मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. आता हाक येणार. पण माझ्या दंडावर हात आला नाही. ती तोंडातून आवाज न काढता खाटेवरून घसरत खाली उतरली. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड येत होता, त्यात मला सगळं दिसत होतं. तिनं पाऊल फरशीवर टेकवायचा प्रयत्न केला. बोटं वाकडी होऊन खाली वळली होती, टाच खाली येईना. नेहमीसारखा साधा गोळा नव्हता तो. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी भिंत धरली.

मी उठायला हवं होतं. एका ढांगेवर होती ती. पण माझ्यातला जळका माणूस म्हणत होता, हाक मार ना. एक हाक मार, मग उठतो. नुसतं नाव घे. मी डोळे बारीक करून पडून राहिलो, आणि माझी बायको भिंतीला कपाळ टेकून रडत राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हा आकडे मोजत नव्हतो.

शेवटी टाच टेकली. ती लंगडत खाटेशी आली. माझं पांघरूण घसरलं होतं ते तिनं माझ्या खांद्यापर्यंत ओढलं, आणि हलकेच, मला जाग येऊ नये म्हणून अंग चोरून, कडेला झोपली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी उठल्या उठल्या चकत्या काढायच्या, असं ठरवलं आणि पहाटे कुठंतरी डोळा लागला. उठलो तेव्हा बायको कामावर गेली होती. तेच बूट घालून.

दिवसभर दुकानात माझं लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाईकाच्या डाव्या बुटाला मी उजव्याची टाच ठोकली. चारच्या सुमारास बायको दुकानात आली. ती दुकानात कधी येत नाही. पायात लाँड्रीतल्या ओल्या फरशीवर वापरायच्या रबरी चपला आणि हातात बूट. तिनं बूट माझ्यासमोर ठेवले. मग मुठीतून एक एक करून तीन चकत्या काढल्या आणि ठोकायच्या लोखंडावर ओळीनं मांडल्या.

"इस्त्रीपाशी उभ्या उभ्या गोळा आला," ती म्हणाली. "हातातली इस्त्री तशीच राहिली. शर्टाची पाठ जळाली. माझा हात थोडक्यात वाचला."

मी तिच्या हाताकडे बघितलं. मनगटावर लाल रेघ होती, थोडक्यात वाचला म्हणजे किती थोडक्यात, ते सांगणारी.

"मास्तरांनी मला चालायला लावलं. म्हणाले, तुमची एक बाजू वर जातेय वहिनी, बुटात बघा." ती थांबली. "त्यांनीच सुकतळा उचलला. म्हणाले, दादांनी आधारासाठी घातल्या असतील, विचारून घ्या."

बघा, इथंही त्यानं मला सोडलं नाही. खोटं शोधायला लागू नये म्हणून तेसुद्धा तयार करून पाठवलं. 'हो, आधारासाठीच' एवढं म्हटलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. बायको माझ्याकडे बघत होती, आणि माझी खात्री आहे, तिलाही तेच उत्तर हवं होतं.

"आधारासाठी घातल्या?"

"नाही," मी म्हणालो. निदान खोटं तरी त्याच्याकडून उसनं घ्यायचं नव्हतं.

"ते मला तिथंच कळलं. इतकी बारीक कड या गावात दुसरं कोण छिलणार?"

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीसुद्धा मला आत कुठंतरी बरं वाटलं.

"का?"

मी फळीवरच्या तिच्या फर्म्यांकडे बघत बोललो. "तू उठवत नाहीस मला आता. भिंतीला धरतेस. त्या माणसानं चार दिवसांत... मी अठरा वर्षं..." किल्लीवाल्याचं यंत्र शेजारी किरकिरत होतं, ते नेमकं तेव्हाच बंद पडलं.

"तुम्हाला माहितीये," बायको म्हणाली, "अठरा वर्षं मी झोपायला भीत होते. रोज. आज येतो का, किती वाजता येतो. तुम्ही पांघरूण खोचून दोन मिनिटांत घोरायला लागायचात आणि मी छताकडे बघत पडायचे. तुम्ही पाय धरायचात, उतरायचा. नाही म्हणत नाही मी. पण नंतर मी झोपायचे ना तुमच्या मांडीवर पाय ठेवून, ती सुखानं नाही हो, दमून. आणि सकाळी तुम्ही तारवटलेल्या डोळ्यांनी दुकानात जायचात, त्याची लाज वेगळी." तिनं तीन चकत्या उचलून माझ्या तळहातावर ठेवल्या. "मला एकच सांगा. तुम्हाला माझा पाय हवाय, का माझं दुखणं?"

उत्तराची वाट न बघता ती रबरी चपला फटकारत निघून गेली. मी त्या संध्याकाळी दुसरं काम घेतलं नाही. उजव्या बुटातलं जुनं सोल्यूशन खरवडून काढलं, नवा सुकतळा घातला, दोन्ही बूट एका सपाट काचेवर शेजारी ठेवून टाचा जुळवल्या. मास्तरच्या तळांसारखे, अगदी सारखे.

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीठ द्या, दार लावा. मी पांघरूण खोचणं बंद केलं. पायथ्याशी ते अस्ताव्यस्त लोंबायचं, ते बघून माझे हात शिवशिवायचे, पण मी हात लावला नाही. रात्री ती भिंतीपाशी उभी राहिली की मी पाण्याचा तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवायचो. तिसऱ्या रात्री तिचे आकडे चुकले, सत्तावीसनंतर एकदम तीस म्हणाली. "अठ्ठावीस, एकोणतीस राहिले," मी म्हणालो. तिनं वळून बघितलं नाही, पण ते दोन आकडे मोजले.

पाचव्या रात्री दिवा मालवून झाल्यावर खाट हलली आणि तिचा उजवा पाय माझ्या मांडीवर आला. मी ताडकन उठून बसलो. हातांना सवय, टाच तळहातात घेतली, चवडा धरला आणि वाकवायला लागलो.

"वाकवू नकोस," ती म्हणाली. "काही आलेलं नाही. नुसता धर."

मी पोटरीवर हात ठेवला आणि तसाच राहिलो. या पायाचा फर्मा मी तासलाय. या पोटरीची मला नस न् नस ठाऊक आहे, असं मी किल्लीवाल्यालाही सांगितलं होतं. पण माझ्या हातात ती आली होती ती दर वेळी दगड होऊन. आता हाताखाली जे होतं ते उबदार होतं आणि मऊ होतं, बोट ठेवलं की दबणारं. मी ते हळूच दाबून बघितलं. परत एकदा बघितलं.

पाय झटकन मागे गेला. अंधारात ती हसत होती.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"गुदगुल्या होतात," ती म्हणाली.

अठरा वर्षांत मला हे माहीतच नव्हतं.